जुन्या मोटारीतील सूचक दिवे

मद्रासजवळील वंडलूर येथील स्टँडर्ड मोटार कारखान्याने १९६१ साली ‘स्टँडर्ड हेरल्ड’ ही मोटार बनविण्यास प्रारंभ केला. पुढे हा कारखाना बंद पडला आणि १९९६ मध्ये मद्रासचे नाव चेन्नई झाले. तथापि त्या काळच्या मोटारी जतन करणारे हौशी लोक आजही त्या शहरात आहेत. अशा मोटारीत चालकासमोरील फलकावर दोन दिवे विशेष महत्त्वाचे असतात. एक विद्युतभरणाचा, दुसरा वंगणतेलाच्या दाबाचा. अंग तापले म्हणजे ज्वर आहे एवढेच कळते, त्याचे कारण वैद्याला शोधावे लागते. दिव्याचेही तसेच आहे.

विद्युतभरणाच्या दिव्याचे एक टोक किल्लीच्या कळीमार्फत बॅटरीला आणि दुसरे डायनामोला जोडलेले असते. इंजिन स्तब्ध असताना डायनामोत विद्युतदाब नसतो. म्हणून किल्ली फिरविताच बॅटरीतील प्रवाह दिव्यातून वाहतो व दिवा लागतो. इंजिन सुरू होऊन डायनामोचा दाब बॅटरीच्या दाबाइतका झाला की दिवा विझतो. दोन हौदांतील पाण्याची पातळी सारखी झाली म्हणजे त्यांना जोडणाऱ्या नळीतील प्रवाह थांबतो, तसाच हा प्रकार होय.

इंजिन मंद गतीने चालत असताना हा दिवा अंधूक लागला व गती वाढविताच विझला, तर तो दोष नव्हे. मंद फिरणारा डायनामो पुरेसा दाब निर्माण करू शकत नाही. परंतु मोटार वेगात असताना दिवा लागल्यास प्रथम पंख्याचा पट्टा पाहावा. हाच पट्टा पाणी खेळविणारा पंपही फिरवितो. तो तुटल्यास इंजिन थोड्याच वेळात अतिशय तापते. चेन्नईत ३१ मे २००३ रोजी तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढले होते. अशा हवेत तर क्षणाचाही विलंब न करता मोटार थांबविली पाहिजे. पट्टा शाबूत व ताठ असेल, तर दोष डायनामो, नियंत्रक अथवा तारा यांत शोधावा.

तेलाच्या दिव्याची रचना निराळी आहे. इंजिनावर बसविलेल्या एका लहान कळीत पातळ पडदा व स्प्रिंग असते. तेलाचा दाब पडद्याला रेटतो, तेव्हा विद्युतमार्ग तुटून दिवा विझतो. दाब उतरला की मार्ग पुन्हा जुळतो. हा दिवा तेलाचे प्रमाण दाखवीत नाही, केवळ दाब दाखवितो. चालत्या मोटारीत तो लागल्यास इंजिन तत्काळ बंद करावे. कारण तेलाच्या थराविना बेअरिंगचे धातू एकमेकांवर घासून अल्पावधीत निकामी होतात. मग पट्टीने तेलाची पातळी पाहावी. पातळी योग्य असल्यास कळीची तार सोडवून, इंजिन सुरू न करता, किल्ली फिरवावी. तरीही दिवा लागला, तर तार कोठेतरी मोटारीच्या सांगाड्यास चिकटली आहे असे समजावे. न लागल्यास तेलाचा दाब दाबमापकाने मोजून घ्यावा; कळ बिघडली की दाबच उतरला, हे त्यावरून ठरते. तोवर इंजिन चालवू नये.

सर्वांत फसवा दोष म्हणजे कधीच न लागणारा दिवा. समुद्रकाठच्या खाऱ्या, दमट हवेने तारांचे सांधे गंजतात, आणि दिव्यातील तंतूही कालांतराने तुटतो. अशा वेळी फलक शांत दिसतो व चालकास इंजिन निर्दोष आहे असे वाटते. वस्तुतः संकटाची वार्ता देणारा दूतच मुका झालेला असतो. म्हणून प्रत्येक वेळी किल्ली फिरविल्यावर, इंजिन सुरू करण्यापूर्वी, दोन्ही दिवे लागतात की नाही हे पाहण्याची सवय असावी. ते लागले आणि इंजिन सुरू झाल्यावर विझले, तरच त्यांच्या मौनावर विश्वास ठेवता येतो.