जिप्सी जाझमधील साथीची गिटार



मैफल संपली की आपण गवयाचे नाव घेऊन घरी जातो. तबलजीचे नाव कित्येकदा घर येईपर्यंत विसरते, आणि तंबोऱ्यावर कोण बसले होते हे तर आपण विचारीतही नाही. आज ज्या संगीताविषयी मी बोलणार आहे, त्याच्या मूळच्या संचात तबला नाही, ढोलकी नाही, ड्रमही नाही. तालाचे बहुतेक ओझे साथीच्या गिटारवाल्याच्या हातांवर असते. त्याचे काम काय, ते शिकावे कसे, आणि त्या कामाला मान का द्यावा, असे माझ्या विषयाचे तीन भाग आहेत.

मी संगीताचा पंडित नव्हे. माझी शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण कामगार चळवळीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. युनियनच्या कचेरीत सभा आटोपल्यावर एक गोवेकर फिटर गिटार घेऊन बसत, त्यांच्याजवळ मी पहिल्या चार कॉर्ड शिकलो. तेव्हा जे सांगणार आहे ते एकतर हाताने करून पाहिलेले आहे किंवा पुस्तकांवरून पडताळून घेतलेले आहे.

प्रथम हे संगीत कोणाचे ते पाहू. फ्रान्स, बेल्जियम, हॉलंड, जर्मनी या देशांत रोमानी वंशाचे लोक राहतात. जग त्यांना जिप्सी म्हणते. त्यांतील फ्रेंच मुलखाकडचे लोक स्वतःस मानुश म्हणवतात. मानुश म्हणजे माणूस. हा योगायोग नव्हे. सुमारे हजार वर्षांपूर्वी यांचे पूर्वज हिंदुस्थानातून पश्चिमेकडे गेले, आणि त्यांची भाषा आपल्या मराठीच्या नात्यातली आहे. पाण्याला ते आजही पाणीच म्हणतात, नाकाला नाख म्हणतात.

या लोकांना युरोपने कसे वागवले तेही ध्यानात घेतले पाहिजे. फ्रान्समध्ये १९१२ च्या कायद्याने फिरत्या लोकांना बोटांचे ठसे आणि शरीराची मापे लिहिलेली पुस्तिका जवळ बाळगणे सक्तीचे झाले. ती पुस्तिका १९६९ मध्ये गेली, पण तिच्या जागी दुसरी आली आणि ती २०१७ पर्यंत टिकली. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी लाखो रोमानी लोकांची कत्तल केली. फ्रान्समधल्या छावण्यांत कोंडलेल्यांपैकी शेवटचे लोक सुटले ते १९४६ मध्ये, म्हणजे युद्ध संपून वर्ष लोटल्यावर. आपल्याकडे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काय केले हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना अधिक सांगायला नको. अशा लोकांनी आपली विद्या कागदावर ठेवली नाही. ती बापाच्या हातावरून मुलाच्या हातावर, काकाच्या हातावरून पुतण्याच्या हातावर गेली.

या वादनपद्धतीचा मूळ पुरुष जँगो राइनहार्ट. जन्म १९१० चा, बेल्जियममधील लिबर्शी गावाजवळ, एका फिरत्या गाडीत. पुढे पॅरिसच्या वेशीवर त्यांचे बिऱ्हाड असताना त्यांची पत्नी विकण्यासाठी सेल्युलॉइडची फुले करीत असे. १९२८ मध्ये एका रात्री त्या मालाने पेट घेतला. राहण्याची गाडी हीच कारखाना, आणि कारखान्यात ज्वालाग्राही माल: गरिबाच्या घरी असे अपघात का होतात हे आम्हा युनियनवाल्यांना चांगले कळते. जँगोच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटे कायमची आखडली. उरलेल्या दोन बोटांवर आणि अंगठ्यावर त्याने पुन्हा सारी विद्या उभी केली.

१९३४ मध्ये पॅरिसच्या क्लॅरिज हॉटेलात लुई वोलाच्या वाद्यवृंदात तो वाजवी. मधल्या सुटीत तो आणि व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली पडद्यामागे आपल्या मौजेसाठी वाजवू लागले, आणि त्यातून पाच जणांचा प्रसिद्ध संच निघाला. एक व्हायोलिन, तीन गिटार, एक डबल बास. सारीच तंतुवाद्ये. तिसरी गिटार का आली याची हकीकत सांगतात ती अशी. व्हायोलिन चालू असता ग्रापेलीच्या मागे जँगो धरून दोन गिटार असत. जँगोची पाळी आली की त्याच्यामागे एकच उरे. त्याने तक्रार केली आणि आपला धाकटा भाऊ जोसेफ याला साथीला बसवले. म्हणजे साथीची खरी किंमत जाणली ती त्या काळच्या सर्वांत मोठ्या गिटारवादकाने. साथ अपुरी असेल तर आपली दौड अपुरी, हे तो जाणून होता.

आता साथीचे प्रत्यक्ष काम. फ्रेंचमध्ये या ठेक्याला ‘ला पाँप’ म्हणजे पंप म्हणतात. हातपंपाचा दांडा जसा न थकता वरखाली होतो तसा उजवा हात चालतो. चार मात्रांचे एक घर धरा. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला खर्जाच्या तारांवर हलका आघात. दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला सर्व तारांवर जोरकस पण तोकडा आघात. पहिल्या व तिसऱ्या मात्रेच्या अगदी किंचित अगोदर हात वर जाताना नखी, जिला गिटारवाले पिक म्हणतात, तारांना निसटता स्पर्श करून जाते. त्या स्पर्शाने ठेक्याला झोका येतो. संथ चालीत पुष्कळ वादक तो गाळतात. आपला कान समेवर टाळी देण्यास सरावलेला आहे. येथे टाळी दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर पडते. हा फेर अंगी मुरायला वेळ लागतो.

आघात तोकडा करतो तो डावा हात. कॉर्ड दाबलेली असताना आवाज निघतो. आघात होताच बोटे तारांवरून न उचलता नुसता दाब सोडायचा, की आवाज थांबतो. दाबणे आणि सोडणे हे वाजवण्याइतकेच नेमके झाले पाहिजे. म्हणूनच या ठेक्यात मोकळ्या तारा सहसा वापरीत नाहीत. जिच्यावर बोट नाही, त्या तारेला वेळेवर गप्प कसे करणार? कॉर्डमध्ये तीनचार स्वर पुरतात. मायनर कॉर्डमध्ये सहावा स्वर मिसळण्याची चाल आहे, आणि खर्जाची तार दाबायला पुष्कळदा अंगठा मानेवरून पुढे आणतात. खरे पाहता ठेक्याचे निम्मे मर्म या थांबण्यात आहे. ड्रमचा कडक आवाज ऐकल्याचा भास होतो तो त्यामुळेच.

शिकावे कसे? मानुश घरांत मुलाच्या हाती गिटार आली की प्रथम साथ शिकवतात. मोठी माणसे वाजवीत असतात, मूल त्यांच्या हाताकडे पाहत ठेका धरते. एकट्याने वाजवण्याची पाळी पुष्कळ नंतर येते. आपण नगरवासी उलट करतो. आठ दिवसांत सूर काढायचा असतो आणि ठेका मागाहून येईल असे समजतो.

माझी सूचना अशी. पहिले काही दिवस एकच कॉर्ड घ्यावी. मेट्रोनोम संथ लावून त्याचा टोला दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर समजावा, आणि रोज दहा मिनिटे तेवढेच करावे. उजवा तळवा गिटारच्या फळीवर टेकू नये. मनगट सैल ठेवून ओला हात झटकावा तसा आघात करावा. खांद्याचा जोर लावू नये. मग दोन कॉर्डमधली अदलाबदल, ठेका न मोडता. त्यानंतर जँगो आणि ग्रापेली यांची १९३७ मध्ये ध्वनिमुद्रित झालेली ‘मायनर स्विंग’ ही रचना घ्यावी. एका कागदावर १६ घरे आखून प्रत्येक घरात कॉर्ड लिहावी. या आखणीला फ्रेंच वादक ग्रिल म्हणतात. मुख्य कॉर्ड तीनच आहेत: ए मायनर, डी मायनर आणि ई सेव्हन.

आपले वादन मोबाईलवर मुद्रित करून दुसऱ्या दिवशी ऐकावे. तीन दोष हटकून सापडतात. गती नकळत वाढलेली असते, आवाज नको तितका मोठा असतो, आणि कंटाळा आला तेथे एखादी नक्षी घुसडलेली असते. दोन साथीदार असतील तर दोघांचा आघात एकाच क्षणी, एकाच लांबीचा पडला पाहिजे. हाताची शीर दुखू लागली तर थांबावे. यंत्रावर काम करणाऱ्या माणसाला मी जे सांगतो तेच येथे सांगतो: दुखणे अंगावर काढण्यात शौर्य नाही.

शेवटी मानाचा प्रश्न. फ्रान्समधील साम्वा गावी जँगोच्या नावाने उत्सव भरत आले आहेत. तेथे छावणीतल्या शेकोट्यांभोवती लोक रात्ररात्र वाजवतात. एकजण पुढे वाजवतो, बाकीचे ठेका धरतात, आणि थोड्या वेळाने पाळी बदलते. दहा गिटार जमल्या तरी साथ दोघातिघांनीच करावी, इतरांनी गप्प बसून आपल्या पाळीची वाट पाहावी, असा शिष्टाचार आहे. जाझच्या दुसऱ्या एका शाखेतले उदाहरण द्यायचे तर अमेरिकेतील फ्रेडी ग्रीन १९३७ पासून १९८७ मध्ये मरेपर्यंत काउंट बेसीच्या वाद्यवृंदात साथच करीत राहिला. पुढे होऊन एकट्याने वाजवण्याचे प्रसंग त्याच्या आयुष्यात फार थोडे. तरीही त्या वृंदाचा कणा तोच, असे जाणकार मानतात.

कारखान्यात अवजड यंत्र हलवताना एकजण ‘हैया’ म्हणतो आणि दहाजण एका क्षणी जोर लावतात. यंत्र हलते ते त्या एका क्षणामुळे. अकरावा कितीही बलवान असो, त्याने आधी किंवा नंतर जोर लावला तर तो फुकट जातो, वर कोणाचा तरी पाय चेंगरतो. साथीच्या गिटारवाल्याचे काम हे असे क्षण वाटण्याचे आहे, मिनिटाला शंभराहून अधिक वेळा.

ज्यांच्या घरी जुनी गिटार धूळ खात पडली असेल त्यांनी ती खाली काढावी. महिनाभर ठेकाच वाजवावा. मग शेजारच्या एखाद्या गाणाऱ्याला बोलवावे आणि त्याला आपल्या मर्जीने गाऊ द्यावे. गिटार सांभाळावी लागते आहे असे त्याच्या मनातही न येता त्याने गाणे पुरे केले, तर साथ जमली असे समजावे. त्याला ती जाणवली नाही यात साथीदाराचे यश आहे. ऐकणाऱ्यांना मात्र ती जाणवली पाहिजे, आणि साथीदाराचे नावही आपण विचारून घेतले पाहिजे.