बोबडे बोल आणि वऱ्हाडी बोल : फरक ओळखणे गरजेचे

अमरावती – अकोल्याजवळच्या खेड्यातील पाच वर्षांचे एक मूल ‘शाळा’ऐवजी ‘शाया’ म्हणते. त्याच वयाचे अमरावतीतील दुसरे मूल ‘काका’ला ‘ताता’ म्हणते. दोघांच्याही बोलण्याला वर्गात हसले जाते आणि ‘स्पष्ट बोल’ असे दोघांनाही सांगितले जाते. प्रत्यक्षात या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे. पहिले मूल आपल्या घरची भाषा अचूक बोलते आहे. दुसऱ्याला तज्ज्ञांच्या मदतीची गरज असू शकते. हा फरक न ओळखल्यास पहिल्याला विनाकारण न्यूनगंड येतो, तर दुसऱ्याची मोलाची वर्षे वाया जातात.

शब्दाआधी ध्वनी

मुलाची भाषा पहिल्या शब्दापासून सुरू होते, ही समजूत अपुरी आहे. गर्भावस्थेच्या शेवटच्या तिमाहीतच बाळाला आवाज ऐकू येऊ लागतात आणि जन्मानंतर ते आईचा आवाज वेगळा ओळखते. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ते हुंकार देऊ लागते. सहाव्या ते दहाव्या महिन्यांच्या दरम्यान ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी अक्षरांची माळ सुरू होते. वर्षाच्या सुमारास पहिला अर्थपूर्ण शब्द येतो आणि दोन वर्षांपर्यंत ‘आई ये’, ‘दूध दे’ अशी दोन शब्दांची वाक्ये येतात. तीन वर्षांच्या मुलाचे बहुतेक बोलणे आणि चार वर्षांच्या मुलाचे जवळजवळ सर्व बोलणे परक्या माणसालाही समजावे, अशी अपेक्षा असते.

या प्रवासात कान जिभेच्या फार पुढे असतो. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या कॅनडातील संशोधकांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत महत्त्वाचा मानला जातो. हिंदीतील ‘ट’ आणि ‘त’ हा भेद इंग्रजीभाषक घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना ओळखता आला. वर्षाच्या आसपास मात्र तशाच घरांतील बाळांची ही क्षमता ओसरलेली आढळली. बाळ जगातील अनेक भाषांचे ध्वनिभेद ओळखण्याच्या तयारीने जन्मते आणि वर्षभरात कानावर पडणाऱ्या भाषेचे होऊन जाते, असा याचा अर्थ आहे.

जिभेची वाट याहून लांबची असते. ओठांचे ‘प’, ‘ब’, ‘म’ लवकर जमतात, कारण ओठांची हालचाल सोपी असते आणि ती दिसतेही. ‘क’, ‘ग’साठी जिभेचा मागचा भाग उचलावा लागतो. त्यामुळे लहान मूल काही काळ ‘काका’चे ‘ताता’ आणि ‘गाडी’चे ‘दादी’ करते. ‘स’, ‘श’, ‘र’ आणि जोडाक्षरे सर्वांत उशिरा येतात. तीन वर्षांच्या मुलाने ‘राम’ला ‘लाम’ म्हणणे स्वाभाविक असते. हेच सहा-सात वर्षांनंतरही टिकले, तर मात्र तज्ज्ञांना दाखवावे.

मराठीची आणखी एक कसोटी आहे. ‘चार’मधला ‘च’ आणि ‘चाक’मधला ‘च’ वेगळे आहेत. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, यांतील ‘ज’ही वेगळे आहेत. लिपीत हा भेद दिसत नाही, तरीही मूल तो अक्षरओळखीच्या आधीच केवळ कानाने आत्मसात करते.

बाळबोलीचे काम

‘मम्मं’, ‘भूभू’, ‘चिऊ-काऊ’, ‘जोजो’ या मोठ्यांच्या बोलण्यालाही अर्थ आहे. भाषावैज्ञानिक अशोक केळकर यांनी मराठीतील बाळबोलीवर १९६४ मध्ये शोधनिबंध लिहिला. त्याच वर्षी अमेरिकी अभ्यासक चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतील बाळबोलींची तुलना केली, तीत मराठीचा समावेश होता. सोपे ध्वनी आणि पुन्हा पुन्हा येणारी अक्षरे ही लक्षणे परस्परांशी संबंध नसलेल्या भाषांतही आढळली. अर्थात बाळबोलीबरोबरच मुलाच्या कानावर पूर्ण वाक्येही पडायला हवीत.

वऱ्हाडी म्हणजे दोष नव्हे

वऱ्हाडीत ‘ळ’च्या जागी सर्रास ‘य’ येतो. ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘केळं’चे ‘केयं’ होते. ‘पाणी’ हे ‘पानी’ होते. ‘मला’ऐवजी ‘मले’ आणि ‘माझा’ऐवजी ‘माहा’ म्हटले जाते. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या १९०५ मधील मराठीविषयक खंडातही वऱ्हाडीची स्वतंत्र नोंद आहे. मराठीतील आद्य गद्यग्रंथ मानले जाणारे ‘लीळाचरित्र’ अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथेच तेराव्या शतकात सिद्ध झाले आणि तेथेच आता मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे. अशा प्रदेशातील बोलीला ‘अशुद्ध’ ठरवणे योग्य नाही. प्रमाण भाषा शाळेत अवश्य शिकवावी. मात्र घरच्या भाषेत भर म्हणून, तिच्यावरील उपचार म्हणून नव्हे.

मेळघाटात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतील कोरकू मुलांची मातृभाषा मराठीच्या कुळातील नाही. संथाळी, मुंडारी यांच्याशी नाते सांगणाऱ्या मुंडा गटातील ती भाषा आहे. मराठी शाळेत पाऊल ठेवलेले कोरकू मूल गप्प बसले, तर ते मंद किंवा मुके नसते. त्याच्यासमोर एक नवी भाषा उभी असते. त्याच्या वाचेची पारख त्याच्या मातृभाषेतूनच व्हायला हवी.

धोका कोठे?

ओळखण्याची साधी खूण अशी : मुलाचा उच्चार घरातील मोठ्या माणसांसारखाच असेल, तर ती बोली आहे. घरातील कोणीही मोठे माणूस तसे बोलत नसेल आणि वयाची मर्यादाही उलटली असेल, तर तपासणी करावी.

सर्वांत मोठी चूक श्रवणदोषाबाबत होते. ‘याचे वडीलही उशिरा बोलले’ असे म्हणून अनेक घरांत वाट पाहिली जाते. जन्मतः ऐकू न येणारे बाळही पहिले काही महिने हुंकार देते, त्यामुळे घरचे निश्चिंत राहतात. पुढे अक्षरांची माळ वेळेवर सुरू होत नाही, तेथेच सावध व्हायला हवे. टाळी किंवा थाळी वाजवून केलेली परीक्षा विश्वासार्ह नसते, कारण बाळ हालचाल पाहून किंवा कंपन जाणवूनही वळते. ओएई आणि बेरा या तपासण्या नवजात बाळावरही करता येतात. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचारांना प्रारंभ, हे जगभर मानले जाणारे वेळापत्रक आहे. सहा महिन्यांच्या आत निदान होऊन मदत मिळालेल्या मुलांची भाषा उशिरा निदान झालेल्यांपेक्षा सरस असते, असे १९९८ मधील अमेरिकी अभ्यासातून दिसून आले.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्यानुसार अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांची मोफत तपासणी होते. बहिरेपणा आणि भाषाविकासातील विलंब या दोन्ही बाबी तीत समाविष्ट आहेत. पुढील उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची तरतूद आहे.

वर्षभरात अक्षरांची माळ नाही, दीड वर्षापर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांची जोडणी नाही किंवा आलेले शब्द गेले, यांपैकी काहीही आढळल्यास पहिली तपासणी कानाची करावी. मूल ‘मले पानी दे’ म्हणत असेल, तर त्याला पाणी द्यावे. त्याचे वाक्य पूर्ण आहे.