हजेरीपट नसलेला वर्ग

फरीदाबादच्या सेक्टर १२ मधल्या जिल्हा न्यायालयात १ जुलै २०२४ नंतरचे काही महिने सगळ्यात जास्त घोटाळा कुठल्या आकड्याने केला असेल, तर ४८२ ने. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४८२ म्हणजे उच्च न्यायालयाचा अंगभूत अधिकार. एफआयआर रद्द करून घ्यायचा तर इथला वकील या कलमाखाली अर्ज घेऊन चंदीगडला जायचा. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन. तो पूर्वी ४३८ होता. आणि जुनं ४८२ जाऊन बसलंय ५२८ वर. ज्यांच्या हाताला तीस-तीस वर्षांची सवय, त्यांनी काय करावं? इथे वकिलाच्या कारकुनाला मुन्शी म्हणतात. या मुन्शींनी चेंबरच्या काचेवर जुन्या-नव्या कलमांचे तक्ते चिकटवले होते, ३०२ चं १०३, ४२० चं ३१८ (४), १२५ चं १४४, आणि वकीलसाहेब अर्ज सांगताना मान वळवून तिकडे बघत.

मी इथल्या एका कारखान्याच्या कायदा विभागात काम करते. वकिली करत नाही; वकिलांना कागद पुरवते, तारखा सांभाळते, कोर्टाच्या व्हरांड्यात थांबते. थांबायला भरपूर मिळतं, त्यामुळे बघायलाही मिळतं. त्या पावसाळ्यात मला बघायला मिळालं ते असं: एका दिवसात तीन कायदे बदलले, दंड संहितेची ५११ कलमं ३५८ झाली, प्रक्रिया संहितेची ४८४ ची ५३१ झाली, पुराव्याची १६७ ची १७०, आणि हजारो वकिलांचा हा सगळा समाज पुन्हा शाळेत बसला. बरं, जुनं विसरूनही भागत नव्हतं. ३० जूनपर्यंतचा गुन्हा जुन्या दंड संहितेखालीच चालणार, म्हणजे पुढची कित्येक वर्षं दोन्ही पाढे तोंडपाठ हवेत. पण या शाळेचं वेळापत्रक, मास्तर, हजेरी, परीक्षा हे कुणी ठरवलं होतं? कुणीच नाही.

वर्ग भरायचे ते कोर्ट उठल्यावर, बारच्या वाचनालयात. कपाटांमध्ये जाड निवाडे, टेबलावर कागदी कपातला चहा, मागच्या रांगेत मोबाइलवर उद्याची यादी बघणारे ज्येष्ठ, पुढे वह्या घेऊन नवे. वक्ता कधी निवृत्त न्यायाधीश, कधी लॉ कॉलेजातले प्राध्यापक, कधी दिल्लीहून बदरपूर ओलांडून मेट्रोने आलेला एखादा हुशार वकील. मी शिरले ती स्वार्थापोटी. आमच्या गेटवर तांब्याच्या तारेची चोरी झाली होती, कॅमेऱ्यात सगळं स्वच्छ दिसत होतं आणि ते चित्रण कोर्टात कसं द्यायचं हे कुणी नीट सांगत नव्हतं. पूर्वी ६५-ब चं प्रमाणपत्र जोडलं की काम भागायचं. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३, आणि प्रमाणपत्राचे दोन भाग. ‘अ’ पक्षकाराने भरायचा, ‘ब’ तज्ज्ञाने. शिवाय फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची. छापील नमुन्यात एसएचए-१, एसएचए-२५६, एमडी-५ अशा चौकटीच दिल्या आहेत, हवी तिथे खूण करायची.

त्या संध्याकाळचा वक्ता खरंच चांगला होता. त्याने लॅपटॉपवर एका व्हिडिओची हॅश काढून दाखवली, मग त्या व्हिडिओचा शेवटचा सेकंद कापला आणि पुन्हा काढली. आकडा पार बदलला. मागच्या रांगेतले मोबाइल खाली आले. “म्हणजे हा फाइलच्या अंगठ्याचा ठसा झाला,” एक बुजुर्ग म्हणाले, आणि वक्त्याने मान डोलावली. मग प्रश्न आला तो माझाच होता, फक्त तो विचारला एका तरुण वकिलाने: हा ‘ब’ भागाचा तज्ज्ञ म्हणजे नेमका कोण? कारखान्याचा आयटीवाला चालेल, की सरकारने अधिसूचित केलेला परीक्षकच हवा? यावर दहा मिनिटं सगळे एकदम बोलले. वक्त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की उच्च न्यायालयांचे निकाल येतील तसं ठरेल, तोवर दोन्ही बाजूंची तयारी ठेवा. मला कामापुरतं मिळालं. आयटीवाल्याला मी दुसऱ्याच दिवशी गाठलं.

पण सगळ्या संध्याकाळी अशा नव्हत्या. आणखी एका वर्गात, वक्त्याचं नाव घेत नाही, ठामपणे सांगण्यात आलं की पोलीस कोठडी आता पंधरा दिवसांवरून साठ दिवस झाली आहे. वह्यांमध्ये ते उतरलं. रात्री व्हॉट्सअॅपवर गेलं. आठवड्याभरात एका ज्युनिअरने आरोपीच्या बायकोला तेच सांगून रडवलेलं मी पाहिलं. कलम १८७ वाचलं तर पोटकलम दोन म्हणतं की पोलीस कोठडी एकूण पंधरा दिवसांहून जास्त नाही, मात्र ते पंधरा दिवस सलग घेण्याची गरज नाही. पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यातुकड्याने घेता येतात. पोटकलम तीनमधून ‘पोलीस कोठडीखेरीज’ अशा अर्थाचे जुने शब्द गळले आहेत, त्यामुळे भांडायला जागा आहे, हे खरं. भांडायला जागा असणं वेगळं आणि साठ दिवस झाले म्हणून सांगणं वेगळं. मी आमच्या वकीलसाहेबांना विचारलं, त्या दिवशीच्या भाषणाची टिपणं कुठे मिळतील? ते हसले. “मॅडम, चहा का बिल मिल जाएगा, नोट्स नहीं.”

त्याच सुमारास आमच्या ऑडिटरांच्या ओळखीने सनदी लेखापालांच्या फरीदाबाद शाखेच्या एका दिवसभराच्या चर्चासत्राला मागे बसायला मिळालं. तिथे दारातच टेबल. सदस्य क्रमांक, सही, येण्याची वेळ. जेवण आणि चहा तासांत धरत नाहीत. कार्यक्रम घेणारी संस्था, मग ती शाखा असो वा अभ्यासवर्तुळ, त्यांच्या नियमात ‘पीओयू’ म्हणून नोंदलेली असावी लागते. तासांची नोंद तीच पोर्टलवर चढवते. साठीच्या आतल्या, प्रॅक्टिस करणाऱ्या लेखापालाला तीन वर्षांत १२० तास भरावे लागतात. दुपारच्या सत्रात दोन गृहस्थ शांत झोपले होते, आणि तास त्यांचेही भरले. शेजारच्या बाई कुजबुजल्या, “डिसेंबरमध्ये इथे उभं राहायला जागा नसते.” परीक्षेआधी मंदिरात गर्दी होते तसंच म्हणायचं.

घरी येऊन मी सांगलीच्या मावसबहिणीला फोन केला. ती डॉक्टर आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं नूतनीकरण पाच वर्षांनी, आणि तेवढ्यात तीस क्रेडिट तास. “आमच्याकडे कौन्सिलचा ऑब्झर्व्हरसुद्धा येऊन बसतो,” ती म्हणाली, “कार्यक्रम खरंच झाला का, वक्ता खरंच बोलला का बघायला.” म्हणजे डॉक्टरला शिकवणाऱ्यावर नजर, लेखापालाला शिकवणाऱ्याची नोंद, आणि माणसाला तुरुंगातून सोडवणाऱ्याला शिकवणारा मात्र मोकळा.

असं का, याचं उत्तर अधिवक्ता अधिनियम, १९६१ मध्ये डोकावलं की सापडतं. बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे कायद्याच्या शिक्षणाचा दर्जा ठरवण्याचं काम आहे, पण तो सगळा जोर सनद मिळेपर्यंतचा. कॉलेज कसं हवं, ग्रंथालय किती, विद्यार्थी किती, याचे २००८ चे नियम तपशीलवार आहेत. सनद घेऊन आल्यावर २०११ पासून अखिल भारतीय बार परीक्षा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १० फेब्रुवारी २०२३ रोजी तिच्यावर शिक्कामोर्तब केलं. त्याआधी, १९९५ मध्ये, बार कौन्सिलने सनदेपूर्वी एक वर्षाचं प्रशिक्षण सक्तीचं केलं होतं, तर १९९९ मध्ये व्ही. सुदीर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते नियम रद्द केले: अधिनियमात तसा अधिकारच नाही म्हणून. सनदेनंतरच्या शिकण्याबद्दल कायद्यात आहे ते एवढंच, की बार कौन्सिलांनी कायद्याच्या विषयांवर चर्चासत्रं आणि नामवंतांची व्याख्यानं भरवावीत. २००८ च्या नियमांत निरंतर शिक्षणासाठी एका संचालनालयाची तरतूदही आहे. वकिलाने किती तास बसावं, कुणापुढे बसावं, त्या ‘कुणा’ला मान्यता कोण देणार, यावर अक्षर नाही. न्यायाधीशांचं तसं नाही. हरियाणाच्या न्यायाधीशांना चंदीगडची ज्युडिशिअल अकादमी आहे, महाराष्ट्राच्या न्यायाधीशांना भाईंदरजवळच्या उत्तनची. एकाच खटल्यात मंचावरचा माणूस शिकून आलेला आणि मंचासमोरचा व्हॉट्सअॅप वाचून.

अपवाद एक आहे, आणि तो कोर्टाच्या आवारातच भेटतो. मध्यस्थी करायची असेल तर वकिलालाही चाळीस तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, आणि ते सर्वोच्च न्यायालयाच्या मध्यस्थी समितीच्या अभ्यासक्रमाने, तिने तयार केलेल्या प्रशिक्षकांकडून. ही समिती २००५ ची. २०२३ च्या मध्यस्थी अधिनियमात तर मध्यस्थांचं निरंतर शिक्षण आणि ते देणाऱ्या संस्थांची मान्यता ही त्या अधिनियमाखालच्या मध्यस्थी परिषदेची कामं म्हणून लिहूनच टाकली आहेत. म्हणजे घटस्फोट मिटवणाऱ्याला मान्यताप्राप्त गुरू लागतो, तो लढवणाऱ्याला नाही.

बाहेर हे सगळं जुनं झालंय. अमेरिकेत मिनेसोटा आणि आयोवा या राज्यांनी १९७५ मध्ये वकिलांना सक्तीचे तास लावले. न्यूयॉर्कात अनुभवी वकिलाला दोन वर्षांत २४ तास, आणि तिथला तास पन्नास मिनिटांचा. कॅलिफोर्नियात तीन वर्षांत २५, आणि तास पुरते साठ मिनिटांचे. पन्नास की साठ यावर नियम लिहिणाऱ्यांनी डोकं लावलं असेल, याची मला गंमत वाटते. मात्र शिकवणाऱ्या संस्थेसाठी जे नियम आहेत ते वाचताना मी थांबले. विषयाला व्यवसायात किंवा अभ्यासात खरा उपयोग हवा. बोलणाऱ्याला त्यातला अनुभव हवा. कॅलिफोर्नियात कार्यक्रम तासाभराचा किंवा मोठा असेल तर त्यासाठी तयार केलेलं लेखी साहित्य हातात द्यायचं. ऐकणाऱ्यांकडून अभिप्राय घ्यायचा. हजेरी चार वर्षं जपून ठेवायची. उलट इंग्लंडने सॉलिसिटरांची वर्षाला सोळा तासांची अट १ नोव्हेंबर २०१६ पासून काढूनच टाकली. तास मोजण्यापेक्षा तुला काय येत नाही ते तू ओळख, ते शीक आणि तशी नोंद ठेव, असं म्हटलं.

लेखापालांच्या त्या दोन झोपलेल्या गृहस्थांना पाहिल्यामुळे इंग्लंडवाल्यांचं मला पटतं. हजेरीपट खुर्चीची नोंद ठेवतो, डोक्याची ठेवू शकत नाही. पण पोलीस कोठडीच्या त्या संध्याकाळमुळे कॅलिफोर्नियाचं लेखी साहित्यही पटतं. शिकणाऱ्यावर पहारा बसवण्याची मला घाई नाही; सेक्टर १२ मधला वकील दिवसाला चार कोर्टांत पळतो, त्याला आणखी एका रांगेत उभं करून काय मिळणार? नोंद हवी ती शिकवणाऱ्याची. कोण बोललं, कुठल्या कलमावर, कुठल्या कागदाच्या आधारे, आणि चूक निघाली तर दुरुस्ती कुणी आणि कुठे लावायची. मान्यता द्यायची तर एवढ्यासाठी द्यावी. जी संस्था स्वतःच्या वर्गाचा कागद ठेवत नाही तिने कितीही नामवंत आणले तरी ती व्याख्यानमाला झाली. करमणूक म्हणून मी जाईन.

हे मी बारमधल्या एका ज्येष्ठांपुढे मांडलं. ते फौजदारी चालवतात, शब्द मोजून बोलतात. म्हणाले, “बेटा, मान्यता आली की दुकानं निघतील. फी भरा, प्रमाणपत्र न्या. हमारे यहाँ तो यही होगा.” भीती खोटी नाही. महागडी पुस्तकं आणि सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्या आत्ताच प्रायोजक म्हणून येतात, पहिला अर्धा तास त्यांचाच असतो. शेजारी बसलेली त्यांची ज्युनिअर, पलवलहून रोज येणारी मुलगी, तिला राहवलं नाही. “सर, दुकानं आहेतच. फक्त त्यांच्यावर पाटी नाही.”

त्यावर चर्चा बरीच चालली, चंदीगडला ठराव पाठवायचा का इथपर्यंत गेली आणि तिथेच विरली, कारण बारच्या निवडणुका तोंडावर होत्या. ठरलं ते लहानसं. पुढच्या वर्गापासून वक्त्याने निदान एक पान लिहून आणायचं: तारीख, नाव, कलमं, निवाडे. ते ग्रंथपालांकडे एका फायलीत लागेल, आणि त्यात चूक सापडली तर ज्याला सापडली त्याने खाली लिहून सही करायची. फायलीतलं पहिलं पान कलम १८७ चं आहे. त्याखाली तीन वेगवेगळ्या शाईंत दुरुस्त्या आहेत आणि तिसरीने दुसरीला खोडलंय. दोन वक्त्यांनी लेखी काही द्यायला नकार दिला, त्यातला एक पुन्हा आलाच नाही. झेरॉक्सचे पैसे बारने द्यायचे की वर्गाला बसणाऱ्यांनी, यावर अजून एकमत झालेलं नाही.