रांगेतला एकाहत्तरावा ठेवीदार

२०१९च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर, म्हणजेच पीएमसी बँकेवर निर्बंध घातले. सहा महिन्यांत मिळून खात्यातून काढता येणार होते फक्त १,००० रुपये. निवृत्तीची पुंजी, लग्नासाठी ठेवलेली एफडी, दुकानाचे चालू खाते, सगळेच अडकले. ही मर्यादा पुढे १०,०००, २५,०००, ४०,००० अशी वाढत गेली. पण दरम्यान तपासातून वेगळेच बाहेर आले. बँकेच्या एकूण कर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक रक्कम एकाच बांधकाम समूहाकडे गेली होती, आणि ती लपवायला २१ हजारांहून अधिक बनावट खाती दाखवली होती.

बँकेपुढे रांग लागली की ‘लोक उगाच घाबरतात’ असे सर्रास म्हटले जाते. डग्लस डायमंड आणि फिलिप डिबविग या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९८३ साली केलेली मांडणी मात्र वेगळे सांगते. साध्या आकड्यांत ती अशी मांडता येईल. समजा, एका बँकेत १०० ठेवीदारांचे प्रत्येकी एक लाख रुपये आहेत. बँकेने १० लाख हाताशी ठेवले आणि ९० लाख कारखानदारांना कर्जाऊ दिले. एरवी एका वेळी दहाच जणांना पैसे लागतात, त्यामुळे व्यवहार सुरळीत चालतो. एक दिवस अफवा उठते आणि सगळेच येतात. यंत्रांत गुंतलेले पैसे कारखानदार लगेच परत करू शकत नाहीत. बँक कर्जे पडत्या भावात विकते, हाती ६० लाख येतात. रोकड धरून ७० लाख. पहिल्या सत्तर जणांना पूर्ण पैसे मिळतात, एकाहत्तराव्याला काहीच नाही.

म्हणजे बँक धडधाकट असली, तरी बाकीचे धावत असतील तर आपणही धावणे हेच शहाणपणाचे ठरते. आणि सगळे शहाणपणाने वागले की चांगली बँकही बुडते. हा दोष माणसांच्या स्वभावाचा नाही. अल्पमुदतीचा पैसा घेऊन दीर्घ मुदतीची कर्जे देणे हेच बँकेचे काम, आणि धोकाही त्या कामातच आहे. त्यावरचा उपाय म्हणजे रांगेत कितव्याही क्रमांकावर असलात तरी पैसे मिळतील, अशी आधीच दिलेली हमी. ती एकटी बँक देऊ शकत नाही. त्यासाठी सार्वजनिक धोरण लागते.

त्याच १९८३ साली अर्थशास्त्रज्ञ बेन बर्नांके यांनी १९३०च्या महामंदीचा नव्याने अभ्यास मांडला. १९३० ते १९३३ या काळात अमेरिकेत सुमारे ९,००० बँका बंद पडल्या. बर्नांके यांचे म्हणणे असे, की तेव्हा नुसत्या ठेवी बुडाल्या नाहीत. कोणता शेतकरी वेळेवर फेडतो, कोणत्या व्यापाऱ्याचा माल खपतो, ही बँकेने वर्षानुवर्षे जमवलेली माहितीही बुडाली. म्हणून होतकरू माणसाला कर्ज मिळेना आणि मंदी लांबली. अखेर १९३३च्या कायद्याने अमेरिकेत ठेव विमा आणला. बर्नांके पुढे फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष झाले. २००८च्या आर्थिक पेचात त्यांनी वित्तसंस्थांना पैसा कमी पडू न देण्याचा जो आटापिटा केला, त्यामागे हा अभ्यास होता. २०२२चे अर्थशास्त्राचे नोबेल डायमंड, डिबविग आणि बर्नांके या तिघांना मिळाले.

अकोला ते पुणे

भारताने ठेव विम्याचा हा धडा १९६० साली घेतला. त्या वर्षी केरळातील पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्यातून १९६१चा कायदा आला आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला. त्याचा हप्ता बँक भरते, ठेवीदार नव्हे. सुरुवातीला संरक्षण होते १,५०० रुपयांचे. १९९३मध्ये ते १ लाख झाले आणि पुढची २६ वर्षे तिथेच थांबले. पीएमसीच्या धक्क्यानंतर, फेब्रुवारी २०२०मध्ये ते ५ लाख झाले.

रक्कम महत्त्वाची, तितकाच वेळही. पुण्याच्या रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३मध्ये निर्बंध आले. परवाना रद्द झाला तो सप्टेंबर २०२२मध्ये. बँक अवसायनात निघेपर्यंत किंवा विलीन होईपर्यंत विम्याचे पैसे मिळत नसत. विमा होता, पण औषधपाण्याला पैसे लागत होते तेव्हा तो कामाचा नव्हता. २०२१च्या दुरुस्तीने ही मोठी चूक सुधारली. आता निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद आहे. पीएमसी बँक जानेवारी २०२२मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पण ज्यांच्या ठेवी ५ लाखांहून मोठ्या होत्या, त्यांना वरच्या रकमेसाठी दहा वर्षांपर्यंतच्या टप्प्यांची वाट दाखवण्यात आली.

अर्धवट हमीने काय होते, हे ब्रिटनने २००७मध्ये पाहिले. तेथे पहिल्या २,००० पौंडांनाच पूर्ण संरक्षण होते, पुढच्या ३३,००० पौंडांना ९० टक्के. नॉर्दर्न रॉक बँक अडचणीत आल्याचे कळताच शाखांबाहेर रांगा लागल्या आणि शेवटी सरकारला ठेवींची हमी द्यावी लागली. मार्च २०२३मध्ये अमेरिकेच्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढले गेले. तेथील ९० टक्क्यांहून अधिक ठेवी विम्याच्या मर्यादेबाहेर होत्या. मोबाइलवरून पैसे हलवता येतात तेव्हा बँकेला विचार करायला रात्रसुद्धा मिळत नाही.

हमीबरोबर राखण

हमीवर एक रास्त आक्षेप आहे. पैसे सुरक्षित म्हटले की ठेवीदार चौकशी करत नाही, आणि संचालक मंडळ जास्त धोका पत्करते. म्हणून विम्यासोबत कडक देखरेख हवीच. नागरी सहकारी बँकांवर एकीकडे सहकार खाते, दुसरीकडे रिझर्व्ह बँक असा दुहेरी अंमल वर्षानुवर्षे होता. २०२०च्या कायदा-दुरुस्तीने व्यवस्थापन, भांडवल आणि लेखापरीक्षणाबाबत रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले. तरीही फेब्रुवारी २०२५मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत १२२ कोटींच्या रोकडीच्या अपहाराचा गुन्हा दाखल झाला. अधिकार कागदावर वाढल्याने तिजोरीतली रोकड आपोआप मोजली जात नाही. त्या बँकेचे ऑगस्टमध्ये सारस्वत बँकेत विलीनीकरण झाले. हा तोडगा महिन्यांत निघाला, वर्षांत नाही, हे मात्र स्वागतार्ह.

वाचकांनी काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. ५ लाखांची मर्यादा मुद्दल आणि व्याज धरून आहे, आणि एका बँकेतील सर्व शाखांमधल्या आपल्या खात्यांची बेरीज त्यात धरली जाते. दोन वेगळ्या बँकांतील ठेवींना मात्र स्वतंत्र संरक्षण मिळते. पतसंस्थांतील ठेवींना हा विमा लागू नाही. महाराष्ट्राच्या गावोगावी एक-दीड टक्का जास्त व्याजासाठी पतसंस्थेत पैसे ठेवणाऱ्यांना हे काउंटरवरच, ठळक अक्षरांत सांगितले गेले पाहिजे.

धोरणकर्त्यांकडे मागणी दोनच गोष्टींची आहे. विम्याच्या मर्यादेचा महागाईनुसार ठरावीक काळाने आढावा घेण्याची कायद्यातच तरतूद करा. ती वाढवायला पुढची बँक बुडण्याची वाट पाहू नका. आणि तपासणीत गंभीर दोष सापडले तर ते वेळीच ठेवीदारांपुढे ठेवा. कर्जबुडव्यांनी आणि डोळेझाक करणाऱ्यांनी केलेल्या नुकसानीचा भार सर्वांत कमी माहिती असलेल्या माणसावर टाकणे हा अन्याय आहे, आणि तो टाळण्याचे मार्ग अर्थशास्त्राने चाळीस वर्षांपूर्वीच दाखवून दिले आहेत.