पोटातला वारा

गेल्या नवरात्रातली गोष्ट. पारनेरचे मामा आमच्याकडे नगरला (आताच्या अहिल्यानगरला) आले होते. वय सत्तर, मधुमेह जुना. रात्री उजव्या बरगडीखाली दुखू लागले, ताप चढला. "वारा धरलाय," म्हणत आईने पोटाला हिंग लावला, ओवा दिला. पहाटे दुखणे ओसरले. "बरं वाटतंय," मामा म्हणाले. आम्ही निश्चिंत झालो. पण ताप हटेना, म्हणून हिने हट्ट धरला आणि आम्ही इस्पितळ गाठले.

सोनोग्राफीत पित्ताशयाच्या जागी नुसती पांढरी चकाकी दिसली. आतड्यातली हवाही तशीच दिसते, म्हणून डॉक्टरांनी तातडीने सी. टी. स्कॅन करविला. त्यात हवा काळी उमटते. पित्ताशयाच्या भिंतीतच काळे कडे दिसत होते!

"वाराच आहे, पण भलत्या जागी," डॉक्टर म्हणाले. पित्ताशयाचा रक्तपुरवठा खुंटला, की वायू निर्माण करणारे जंतू तेथे माजतात. विकार विरळा, पण जिवावरचा; मधुमेही, वयस्कर पुरुषांत अधिक. मधुमेहाने मज्जातंतू बधिरले असले, तर वेदना कमी जाणवते आणि रोग आत वाढतच राहतो. पित्ताशय फुटण्याचीही भीती असते.

त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली, मामा वाचले.

हाउन्सफील्डच्या यंत्राने १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र टिपले. त्या यंत्राचे ऋण आमच्या घरावर आहे, आणि हिच्या हट्टाचेही. मी शब्दांवर जगणारा मास्तर. पण मधुमेही माणसाच्या "बरं वाटतंय"वर आता विसंबत नाही.