अंगदुखीची गोळी पोटात गेल्यावर काय करते?



या पानावर मी एरवी बेणे, खोडवा, नाही तर हुमणी यांबद्दल लिहितो. या वेळी गोळ्यांबद्दल लिहीत आहे. मी डॉक्टर नव्हे, शेतकी पदविका घेतलेला माणूस. पण घरात एक प्रकार घडला, त्यावरून जाणकारांना विचारून जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

आमचे थोरले बंधू, दादा, यांना बीपीची गोळी चालू आहे. गुडघेही दुखतात. त्यासाठी ते बाजाराच्या दिवशी कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या आणायचे. रोज दोन, आणि तोडणी आली की तीन. असे तीन वर्षे चालले. गेल्या दिवाळीनंतर ते मुलाकडे पवईला गेले. तिथे पायांवर सूज दिसली म्हणून मुलाने डॉक्टरांकडे नेले. दादांचे म्हणणे, "ही बीपीची गोळीच बाधतीया, बंद करतो." त्यात अगदीच तथ्य नव्हते असे नाही. अॅम्लोडिपिन नावाच्या बीपीच्या गोळीने रक्तवाहिन्या सैल होतात आणि काहींचे घोटे सुजतात. पण डॉक्टर म्हणाले, "काका, आणखी काय काय घेता ते सगळं दाखवा." दादांनी बंडीच्या खिशातून पुडी काढली. तिच्यावर नाव नाही की गाव नाही. इकडे दुकानदाराला फोन केला तेव्हा कळले की डायक्लोफेनॅक आहे. रक्त तपासले तर क्रिएटिनिन वाढलेले. म्हणजे मूत्रपिंडे रक्तातली घाण नीट गाळीत नव्हती.

आता ही गोळी करते काय? शरीरात कुठे इजा झाली की तिथल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य तयार करतात. त्याने ती जागा सुजते आणि ठणकते. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक या गोळ्या हे द्रव्य तयारच होऊ देत नाहीत. अॅस्पिरिन १८९९ पासून बाजारात आहे, पण ती काम कशी करते हे जॉन व्हेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९७१ साली दाखवले. त्याबद्दल १९८२ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

गोम अशी की हेच द्रव्य जठराच्या आतल्या अस्तराची राखण करते, आणि मूत्रपिंडाकडे रक्त नेणारी वाहिनीही मोकळी ठेवते. गोळीला गुडघा कुठला आणि जठर कुठले हे कळत नाही. आपण उसात रुंद पानांच्या तणासाठी टू-फोर-डी मारतो. वारा फिरला की तेच औषध शेजारच्या कापसाची, द्राक्षाची पाने आकसून टाकते. औषधात खोट नसते, ते आपले ठरलेले कामच करते, फक्त दुसऱ्याच्या बांधात. दुष्परिणाम म्हणतात तो बहुधा असाच असतो.

बीपीची गोळी सोबत असेल तर प्रकरण आणखी वाढते. ठिबकचा फिल्टर डोळ्यांपुढे आणा. पाण्याला दाब असला तरच तो गाळतो. वेदनाशामक गोळी मूत्रपिंडाकडे येणारी वाट अरुंद करते. टेल्मिसार्टन, एनालाप्रिल या बीपीच्या गोळ्या बाहेर जाणारी वाट सैल करतात. त्यात लघवी होण्याची गोळी असेल, किंवा उन्हातान्हाने अंगातले पाणी कमी झाले असेल, तर दाब पडतो आणि गाळणेच मंदावते. शिवाय वेदनाशामक गोळी मीठ-पाणी अंगात धरून ठेवते, म्हणजे सूज येते आणि बीपी चढते. दादा एका हाताने बीपी उतरवीत होते आणि दुसऱ्या हाताने चढवीत होते.

"आम्ही सोबत गॅसची गोळी घेतो," असे पुष्कळ जण सांगतात. ओमेप्रॅझोल, पँटोप्रॅझोल पोटातले आम्ल कमी करून जठराला सांभाळतात. मूत्रपिंडाला त्यांचा आधार नाही.

हेच डायक्लोफेनॅक पूर्वी आपण जनावरांनाही टोचत होतो. ते टोचलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. आपल्या लहानपणी हाडकीवर दिसणारी गिधाडे त्याने नाहीशी झाली. २००६ साली सरकारने जनावरांसाठी ते बंद केले. माणसाची मूत्रपिंडे गिधाडाइतकी नाजूक नसतात हे खरे, पण तीन वर्षे रोज दोन गोळ्या म्हणजे थोडे नव्हे.

तोडणी मजुरांबद्दल मला विशेष सांगायचे आहे. मध्य अमेरिकेत निकाराग्वा, एल साल्वाडोर या देशांत साखरेचा किंवा बीपीचा आजार नसलेल्या तरण्याताठ्या ऊसतोड मजुरांची मूत्रपिंडे निकामी झालेली आढळली. एकच एक कारण ठरलेले नाही. उन्हातले कष्ट आणि पाणी तुटणे यांवर मुख्य संशय आहे, आणि वेदनाशामक गोळ्या त्यात भर घालतात असे मानतात. आपल्या फडातही कोयत्यावरची बाई-माणसे पहाटे उपाशीपोटी गोळी टाकून कामाला लागतात. मुकादम ती पाकिटासकट पुरवतात. सभासदांनी फडात गोळ्या वाटण्यापेक्षा पाण्याची टाकी आणि घटकाभर सावली यांची सोय करावी. ट्रॅक्टर तासभर उशिरा सुटला तरी चालेल, माझ्याकडून बोल लागणार नाही.

घरी एवढे करा. ज्या पाकिटावर तांबडी उभी रेघ असते ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नसते. सुटी, बिननावाची गोळी घेऊच नका. दवाखान्यात जाताना घरातली सगळी पाकिटे पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक म्हणून घेतलेलीसुद्धा. शौचास डांबरासारखी काळी झाली, तर जठरातून रक्त जात असेल, त्याच दिवशी दवाखाना गाठा. मूत्रपिंडाला पॅरासिटामॉल त्या मानाने सोसते, पण पाचशे मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांपलीकडे दिवसभरात जाऊ नये. अति झाल्यास ती यकृत बिघडवते, दारू पिणाऱ्याचे तर लवकर. आणि बीपीची गोळी आपल्या मनाने बंद करू नका. काय बाधते ते डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतात.

दादांचे क्रिएटिनिन आता बरेच उतरले आहे, पूर्ववत झालेले नाही. गुडघे दुखतातच. मांडीचे व्यायाम आणि शेक यांवर भागवतात. परवा बांधावर गप्पा मारताना त्यांचा हात बंडीच्या खिशाकडे गेला. मी लगेच टक लावून पाहिले. तंबाखूची चंची निघाली. त्यावर पुढे कधीतरी लिहीन.

— ऊस विकास अधिकारी