संपादकाला प्रमाणपत्र कोण देतं?

वकिलाला सनद लागते, डॉक्टरला नोंदणी लागते. अमरावतीत साप्ताहिक काढणाऱ्या किंवा अकोल्यात दैनिकाच्या डेस्कवर बसणाऱ्या संपादकाला मात्र कायदा कोणतीच पदवी विचारत नाही. २०१३ मध्ये प्रेस कौन्सिलचे तेव्हाचे अध्यक्ष मार्कंडेय काटजू यांनी पत्रकारांची किमान पात्रता ठरवण्यासाठी समिती नेमली होती. चर्चा खूप झाली, सक्ती आली नाही. तरी संपादकाची पत सांगणारे तीन कागद आहेत, आणि तिन्ही वेगवेगळी गोष्ट सांगतात.

पहिला कागद म्हणजे खुद्द अंक. त्यावर बारीक अक्षरांत मालक, मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावं छापलेली असतात. १८६७ चा जुना कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा लागू झाला. आता अर्ज ‘प्रेस सेवा’ पोर्टलवर करायचा. जिल्हा दंडाधिकाऱ्यांसमोर घोषणापत्र करण्याची फेरी उरली नाही. नव्या कायद्याच्या लेखी संपादक म्हणजे मजकूर निवडणारा आणि अंतिम करणारा, भारतात राहणारा भारतीय नागरिक. यातून जबाबदारी कोणाची ते कळतं, कसब किती ते कळत नाही. बदनामीचा खटला झाला, तर समन्सवर संपादकाचं नाव असू शकतं.

दुसरा कागद राज्य शासनाची अधिस्वीकृतीपत्रिका. अर्ज आपल्या जिल्हा माहिती कार्यालयात द्यायचा. नियुक्तिपत्र, अनुभवाचे दाखले, अंक नियमित निघतो याचा पुरावा, हे सगळं तिथे तपासलं जातं. पुढे प्रकरण विभागीय अधिस्वीकृती समितीपुढे येतं. अकोला, बुलडाणा, वाशीम आणि यवतमाळ हे जिल्हे अमरावती विभागातच मोडतात. पत्रिका मिळाली की एसटीच्या प्रवासात सवलत मिळते आणि शासकीय कार्यक्रमांच्या वार्तांकनाला मान्यता मिळते. म्हणून फाइल सुरुवातीपासून नीट ठेवावी. जुने अंक आणि दाखले ऐन वेळी सापडत नाहीत.

तिसरा कागद अभ्यासक्रमाचा. भारतीय जनसंचार संस्था, म्हणजे दिल्लीची आयआयएमसी, हिचं पश्चिम विभागीय केंद्र अमरावतीत आहे आणि तिथे मराठी पत्रकारितेची पदव्युत्तर पदविका घेता येते. नोकरी सोडता येत नसेल, तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं विभागीय केंद्रही अमरावतीतच आहे. शिवाय जिल्ह्यातल्या रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे. जागा योग्य निवडली म्हणायची. इथेच रचल्या गेलेल्या लीळाचरित्रासाठी म्हाइंभटांनी चक्रधरांच्या सहवासात राहिलेल्यांना गाठून आठवणी जमवल्या आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या, असं महानुभाव परंपरा सांगते. पुढे हस्तलिखितं ताडून वि. भि. कोलते यांनी त्याच ग्रंथाची आवृत्ती सिद्ध केली. पाठ ताडून पाहण्याची ही शिस्त आजच्या संपादकालाही शिकण्यासारखी आहे.

पण समोरचा कच्चा मजकूर हा माणूस कसा दुरुस्त करतो, हे यांतल्या एकाही कागदावरून कळत नाही. कॅनडात संपादकांची संघटना मुद्रितशोधन, प्रत-संपादन, शैली आणि रचना अशा चार वेगळ्या परीक्षा घेते. ऑस्ट्रेलियात परीक्षा उत्तीर्ण होऊन मिळालेली मान्यता पाच वर्षांची असते. पुढे नूतनीकरण करावं लागतं. मराठीत तशी परीक्षा रूढ नाही, त्यामुळे ती आपली आपणच घ्यायची.

सुरुवात लेखननियमांपासून करावी. साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार, असे हे अठरा नियम आहेत. ‘गुरू’ दीर्घ, पण समासात आला की ह्रस्व, म्हणून मोझरीचं ‘गुरुकुंज’. इतपत उत्तर कारणासह देता आलं पाहिजे. दुसरी तयारी प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेची: आरोपाची बातमी छापण्याआधी दुसरी बाजू घेतली का, अल्पवयीन मुलाची ओळख उघडी पडते का. तिसरी सवय नमुन्यांची. दर महिन्याला आपण तपासलेल्या एका मजकुराची मूळ आणि दुरुस्त प्रत एका वहीत जपून ठेवावी आणि प्रत्येक बदलाचं कारण समासात लिहावं. ज्या बदलाचं कारण लिहिता येत नाही, तो बहुधा करायलाच नको होता. नवी नोकरी मागताना ही वही पदविकेसोबत पुढे ठेवावी.